कॅमेरा बॅग घेताना आधी लिटर बघू नका

कॅमेरा बॅग घ्यायची म्हटली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती लिटरची घेऊ? माझ्या कपाटात आजच्या घडीला पाच बॅगा आहेत, त्यातल्या तीन अशाच लिटर बघून घेतलेल्या आणि तिन्ही धूळ खात पडल्यात, म्हणून अनुभवाने सांगतो की लिटरचं नंतर बघू, आधी एवढंच बघा की रस्त्यात उभं असताना, बॅग जमिनीवर न टेकवता, कॅमेरा हातात यायला किती वेळ लागतो. सामान सगळं मावतंय पण काढायचाच कंटाळा येतो अशी बॅग असली की कॅमेरा आतच राहतो आणि फोटो मोबाइलवर निघतात. माझी एक अख्खी ट्रिप अशी गेलीये, दोन लेन्स पाठीवर वाहिल्या आणि घरी येऊन बघतो तर कार्डात जेमतेम चाळीस फोटो.

बरं, लिटर हा आकडाही तसा फसवाच. कोणी बाहेरचे खिसे धरून मोजतं, कोणी फक्त आतलं, त्यात जाड पॅडिंग जागा खातं ते वेगळंच, त्यामुळे दोन कंपन्यांच्या २० लिटरच्या बॅगा शेजारी ठेवल्या तर एकीत सगळं बसतं आणि दुसरीत फ्लॅश बाहेर राहतो. बघायचं असेल तर कॅमेऱ्याच्या कप्प्याचं आतलं माप बघा, सेंटिमीटरमध्ये, आणि त्यातही खोली. लांबी-रुंदी बहुतेक वेळा पुरते, घोळ होतो तो खोलीचा. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) व्हर्टिकल ग्रिपवाली, म्हणजे उभ्या फोटोसाठी खाली जादा मूठ असलेली, असेल तर पातळ बॅगेची चेन लागतच नाही, आणि लागली तरी कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन दाबून लागते.

आता माप कसं घ्यायचं. पलंगावर एक चादर टाका आणि त्यावर तुमचं सामान मांडा, पण घरातलं सगळं नाही हां, गेल्या चार-पाच वेळा बाहेर पडलात तेव्हा खरंच वापरलं तेवढंच. इथे माणूस स्वतःशी खोटं बोलतो. "मॅक्रो लागू शकते" म्हणून ती अगदी जवळून फोटो काढायची लेन्स हळूच चादरीवर येते, मग लेन्समागे लावायची एक्स्टेन्शन ट्यूब येते, मग छोटा ट्रायपॉड येतो, आणि रोजच्या बॅगेचं बघता बघता बिऱ्हाड होतं. दोन ढीग करा, रोजचा एक आणि प्रवासाचा एक. मग कॅमेऱ्याला नेहमीची लेन्स लावूनच मोजा, हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची कडा) उलटा लावून, झाकणासकट. ७०-२०० एफ/२.८ लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या मोठ्या झूम, बऱ्याचशा २० ते २२ सेंटिमीटर लांब असतात, मागे बॉडी लावली की प्रकरण सहज २७-२८ वर जातं, म्हणजे ती लावलेल्या अवस्थेत ठेवायची असेल तर तेवढा सरळ लांब कप्पा पाहिजे, नाहीतर दरवेळी काढ-घाल आणि सेन्सरवर धूळ.

आणि एक देशी जुगाड. बॅगेचं आतलं माप ऑनलाइन दिलेलं असतं, त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापून चिकटवा आणि त्यात सामान ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे पण त्याने माझी एक चुकीची खरेदी नक्की वाचलीये. थोडी जागा उरली पाहिजे, फार नाही, कारण रिकामी जागा आपण काहीतरी कोंबूनच दम घेतो.

वजनाचा हिशोब कागदावर करा. उदाहरण म्हणून सोनी ए७ फोर ही बॉडी बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, सोनीच्याच लेन्स २४-७० जीएम टू ६९५ ग्रॅम आणि ७०-२०० जीएम टू १०४५ ग्रॅम, म्हणजे एक बॉडी आणि दोन लेन्सचेच २.४ किलो झाले. त्यात लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली. आणि बॅग? चांगल्या भक्कम कॅमेरा बॅकपॅक रिकाम्याच दीड-दोन किलोच्या असतात. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच देतात, त्यातले दोन बॅगेनेच खाल्ले तर उरलं काय? म्हणून रिकाम्या बॅगेचं वजन हा आकडा मी लिटरच्याही आधी बघतो, आणि तोच नेमका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

प्रकारांचं म्हणाल तर स्लिंग, खांद्यावरची मेसेंजर आणि बॅकपॅक हे तीन मुख्य. स्लिंग म्हणजे ५ ते १० लिटरची, छातीवर आडवी घ्यायची बॅग, फिरवली की पुढे, चेन उघडली की कॅमेरा हातात. रोजच्यासाठी हिच्यासारखी सोय नाही, पण सगळा भार एका खांद्यावर, त्यामुळे तीन किलोच्या वर गेलात की दुपारपर्यंत मान बोलायला लागते. १० लिटरची स्लिंग गच्च भरून फिरणं म्हणजे स्वतःवर सूड, त्यापेक्षा बॅकपॅक घ्या.

मेसेंजरला आजकाल जुनाट समजतात, मला ते पटत नाही. १९७० च्या दशकात फिलाडेल्फिया इन्क्वायररचा फोटोग्राफर जिम डॉमकी याने स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची साधी बॅग बनवली, पॅडिंग अगदी बेताचं, अंगाला चिकटून राहणारी, आणि न्यूज फोटोग्राफरनी ती उचलून धरली. बिलिंगहॅम या बॅग कंपनीची गोष्ट तर अजून मजेशीर, ते मासे पकडणाऱ्यांसाठी बॅगा बनवायचे आणि त्या फोटोग्राफरच घेऊन जायला लागले. सांगायचा मुद्दा, झाकण उचललं की हात थेट कॅमेऱ्यावर गेला पाहिजे, एवढंच या लोकांना हवं होतं. जाड फोमच्या बॅगेने सामान सुरक्षित राहतं हे खरं, पण ती बॅग डब्यासारखी अंगापासून लांब उभी राहते आणि गर्दीत प्रत्येकाला लागते.

बॅकपॅकमध्ये मात्र एकच गोष्ट नीट बघा, ती उघडते कुठून. पुढून उघडणारी बॅग उघडायची म्हणजे पाठीला टेकणारी बाजू जमिनीवर ठेवायची, जमीन ओली असेल तर तो चिखल पट्ट्यांना आणि मग तुमच्या शर्टाला. पाठीकडून उघडणारीत हे उलट होतं, बाहेरची बाजू खाली जाते आणि पट्टे कोरडे राहतात, शिवाय बॅग पाठीवर असताना मागून कोणाला हात घालता येत नाही, म्हणून गर्दीच्या प्रवासाला मी हीच सांगतो. फक्त घाईत ती कामाची नाही, उतरवा, ठेवा, उघडा, तोवर पक्षी उडालेला असतो. बाजूने उघडणारी सगळ्यात चपळ, एक पट्टा सोडून बॅग पुढे ओढायची आणि बाजूची चेन उघडून कॅमेरा काढायचा, खाली टेकवायचं कामच नाही.

पण तिचा एक फटका मी खाल्लाय. जिन्यावर उभं राहून लेन्स बदलली, तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली, चेन अर्धी उघडी तशीच आणि मी बॅग पाठीवर टाकली. तीन पायऱ्या उतरलो असेन, मागून टक्क, मग अजून एक टक्क, आणि ५० एमएम लेन्स माझ्या पुढे पुढे जिना उतरतेय! काच वाचली कारण पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच, होता, पण फिल्टरची कडा अशी चेपली की तो फिरेचना, रबरी हातमोजे घालून दोन दिवस झटापट केली तेव्हा निघाला. तेव्हापासून चेन पूर्ण लागल्याशिवाय पट्टा खांद्यावर जात नाही, आणि बॅग घेताना मी बघतो की कप्प्याच्या तोंडावर आतून एखादा जादा फ्लॅप किंवा चेनच्या कडीला अडकवायला हुक आहे का. असेल तर चोरासाठीही अडथळा आणि माझ्यासारख्या धांदरटासाठीही.

पट्टे रिकाम्या बॅगेवर कधीच कळत नाहीत. पाण्याचं सोपं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो, लिटरभराच्या चार-पाच बाटल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत घाला आणि अर्धा तास घरातल्या घरात, जिन्यावर, वर-खाली करा. बॅग १५ लिटरच्या वर असेल तर छातीचा पट्टा हवाच, आणि कंबरपट्टा असेल तर तो पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, तरच खांद्यावरचा भार खाली उतरतो. उंची कमी असेल तर हा पट्टा मांडीच्या वर लोंबतो आणि काही उपयोगाचा राहत नाही, मग तो काढून टाकता येतो का ते बघा. पट्ट्याची गादी जाड आहे म्हणजे बॅग आरामशीर हा गैरसमज आहे, मऊ गादी भाराखाली दबते आणि पट्टा रुततोच, थोडी कडक आणि रुंद गादी बरी. जड लेन्स पाठीला चिकटून ठेवा. बाहेरच्या बाजूला ठेवली तर बॅग मागे ओढते आणि तुम्ही पुढे वाकून चालता.

कापडाच्या बाबतीत लोक डेनिअरवर भांडतात. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे धागा जाड आणि बॅग जड. १६८० डेनिअरचं बॅलिस्टिक नायलॉन दणकट खरंच आहे, पण ५०० डेनिअरचं कॉर्ड्युरा रोजच्या वापराला भरपूर झालं. तसंही कापड फाटून गेलेली कॅमेरा बॅग मी अजून पाहिली नाही, जाते ती चेन, नाहीतर पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तिथली शिवण. तिथे एकावर एक दाट टाके आहेत का बघा, बॅग भरून एकाच पट्ट्याने उचला आणि तो सांधा कसा ताणला जातो ते बघा. चेन कोपऱ्यावरून वळताना अडकत असेल तर दुकानातच परत ठेवा, ती नंतर सैल होईल वगैरे काही नसतं.

वॉटरप्रूफ या शब्दावर फार विसंबू नका. कापडावर कोटिंग असतं, पाणी शिरतं ते चेनमधून आणि शिवणीतून. रेन कव्हर असावंच, पण ते पाठीची बाजू झाकत नाही, तुमच्या पाठीवरून ओघळलेलं पाणी पॅडिंगमध्ये मुरतं, आणि कव्हरच्या तळाला पाणी साचून बॅगेचा खालचा भाग त्यातच भिजत बसतो. मी आत एक साधी मोठी प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेवतो, जोरात आला की कॅमेरा त्यात. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

आतला रंग फिकट हवा, करडा किंवा पिवळसर. काळ्या अस्तरात काळं लेन्स कॅप शोधणं म्हणजे काय ते संध्याकाळच्या उजेडात कळतं. पार्टिशनचं वेल्क्रो चांगलं चिकटलं पाहिजे, पण बाहेरच्या झाकणाला वेल्क्रो असेल तर सावध, शांत हॉलमध्ये किंवा पक्ष्यांजवळ तो चर्रर आवाज सगळं घालवतो. लेन्स मी मागचं झाकण वर येईल अशा उभ्या ठेवतो म्हणजे बदलताना एका हाताने काम होतं. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत पोचत नसेल तर उत्तम, बॅग धपकन ठेवली तरी लॅपटॉपचा कोपरा जमिनीला लागत नाही.

विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या सोबतच न्यायच्या, टोकं झाकून. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याच्या खूप खाली असतात, ७.२ व्होल्ट गुणिले २.२८ अँपिअर-अवर म्हणजे साधारण १६.४. खरी पंचाईत होते ती विमानाच्या दारात, जागा नाही म्हणून तुमची बॅग खाली टाकायला घेतात तेव्हा. त्या वेळी बॅटऱ्या काढून हातात घ्याव्या लागतात, आणि कॅमेराही काढावासा वाटतोच. म्हणून मला आता आतला पॅडेड क्यूब, म्हणजे कॅमेऱ्याचा गादीवाला सुटा कप्पा, उचलून बाहेर येतो अशीच बॅग आवडते, क्यूब काढला, बॅटरीचा पाउच काढला, बाकीची बॅग खुशाल न्या. केबिनच्या मापात बाहेरचे खिसे आणि हँडलही धरतात हे विसरू नका.

खरं तर हा क्यूब वेगळाही मिळतो आणि नवीन असाल तर मी आधी तोच घ्या म्हणेन. घरातली साधी बॅकपॅक आणि आत क्यूब, बाहेरून कोणाला कळतही नाही की आत कॅमेरा आहे, मोठा लोगो मिरवणाऱ्या बॅगेपेक्षा हे कधीही बरं. सध्या माझं प्रवासाचं असंच आहे, बॅकपॅकमध्ये क्यूब आणि तळाला चपटी केलेली ६ लिटरची स्लिंग, मुक्कामी पोचलो की बॉडी आणि एक लेन्स स्लिंगमध्ये, बाकी खोलीवर.

आणि घरी आलात की बॅग रिकामी करा. फोम ओल धरून ठेवतो आणि बंद बॅगेत महिनोन्महिने पडलेल्या लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बघा, निळ्याची गुलाबी किंवा नारिंगीची हिरवी झाली की तिचं काम संपलं, सुकवल्याशिवाय उपयोग नाही.

नवीन बॅग आली की लगेच टॅग कापू नका. पूर्ण भरा, लाइट बंद करा आणि दहा वेळा कॅमेरा काढून परत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला जर चेनची कडी शोधायला चाचपडत असाल तर बिल कुठे ठेवलंय ते आठवा.