वायफाय सारखं तुटतंय? नवा राऊटर आणण्याआधी या चुका टाळा

वायफाय गेलं की घरोघरी एकच उपाय होतो. राऊटरचं बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, पुन्हा चालू. कंपनीला फोन लावला तरी तिकडूनही तेच, ‘सर, एकदा रिस्टार्ट करून बघा.’ रिस्टार्ट करण्यात वाईट काही नाही, फक्त त्याने पुरावा पुसला जातो. बिघाड बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी असतो: बाहेरून येणारी लाइन, राऊटर (त्याच्या अ‍ॅडाप्टरसकट), नाहीतर राऊटरपासून मोबाइलपर्यंतच्या लहरी. नेमकं कुठे बिघडलंय ते न बघता पैसे खर्च करणं ही सगळ्यात महागडी चूक.

बटणाला हात लावण्याआधी अपटाइम बघा

नेट गेलं की आधी राऊटरच्या सेटिंगचं पान उघडा. त्याचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (ब्राउझरमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी आकडे). लॉगिनसह तो राऊटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. स्टेटसच्या पानावर ‘अपटाइम’ दिसतो, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे. सकाळपासून कोणी हात लावला नसताना तिथे चार मिनिटं दिसली, तर राऊटर स्वतःच बंद पडून पुन्हा चालू होतोय. अपटाइम सहा दिवसांचा, पण इंटरनेट जोडणीचा वेळ पाच मिनिटांचा असेल, तर लाइन तुटतेय. दोन्ही आकडे मोठे असूनही बेडरूममध्ये व्हिडिओ अडकत असेल, तर संशय लहरींवर. पण हे रोज रात्री नऊनंतरच होत असेल आणि राऊटरला केबलने जोडलेला लॅपटॉपही तेव्हा रडत असेल, तर बहुधा कंपनीकडेच गर्दी आहे. तुमच्या राऊटरला शिव्या घालून उपयोग नाही.

रिस्टार्ट म्हणजे रिसेट नव्हे

राऊटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं ‘नव्यासारखं’ होतं. होतं खरं, पण कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकी सेटिंगही त्यात उडतं. मग अधूनमधून जाणारं नेट पूर्णच जातं आणि तंत्रज्ञ येईपर्यंत वाट बघावी लागते. ती माहिती हाताशी नसेल तर टाचणी लांब ठेवा.

अ‍ॅडाप्टर: ज्याच्याकडे कोणी बघत नाही

माझ्या मते आपोआप बंद-चालू होणाऱ्या राऊटरमध्ये पहिला आरोपी अ‍ॅडाप्टर. वर्षानुवर्षं चोवीस तास तापून त्याच्या आतले कपॅसिटर थकतात. दिवे नीट लागतात, म्हणून आपल्याला वाटतं की वीज पोचतेय. पण घरातली सगळी मंडळी एकदम ऑनलाइन आली, राऊटरने थोडा जास्त करंट मागितला, की व्होल्टेज खाली बसतं आणि राऊटर रिस्टार्ट होतो.

दुसरी भानगड अदलाबदलीची. सेट-टॉप बॉक्सची पिन राऊटरला चपखल बसते, म्हणून रंगकामानंतर कोणाचा अ‍ॅडाप्टर कोणाला लागला याचा पत्ता नसतो. राऊटरच्या स्टिकरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असेल, तर अ‍ॅडाप्टरही १२ व्होल्टचाच हवा आणि पिनची धन-ऋण बाजूही तीच. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. ९ व्होल्टचा लावून ‘चालतंय की’ म्हणू नका. जिथे विजेचा लपंडाव रोजचा, तिथे राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा, पण तोही त्याच व्होल्टेजचा.

लाल दिवा आणि खिडकीची फट

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल गेला) दिवा लाल झाला, तर वायरीतून येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये. सेटिंगमध्ये काहीही बदललंत तरी फरक पडणार नाही. वायर भिंतीपासून बाहेरपर्यंत नजरेने तपासा. आपल्याकडे ती हमखास सरकत्या खिडकीच्या फटीतून आत आणलेली असते आणि रात्री खिडकी ओढली की चेपते. उंदरांचंही तिच्यावर प्रेम असतं. उरलेली वायर घट्ट गुंडाळून रबरबँड लावू नका, मोठं सैल वेटोळं ठेवा. हिरवी पिन काढून तिचं टोक बोटाने पुसणं तर नकोच.

काही डब्यांच्या स्टेटस पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. घरगुती फायबरच्या नेहमीच्या उपकरणांत उणे २७ च्या आसपास मर्यादा संपते. आकडा तिथे घुटमळत असेल तर लाइन कधीही तुटू शकते. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता हा आकडा आणि तुटल्याची वेळ सांगा. मग रिस्टार्टच्या सल्ल्यावर बोळवण करणं त्यांनाही अवघड जातं.

शोकेसमधला राऊटर

दिसायला बरा नाही म्हणून राऊटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत जातो. वर क्रोशाचा रुमाल. पत्रा लहरी अडवतो, रुमाल उष्णता. घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा.

दाट वस्तीच्या सोसायटीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला मोकळा निवडा आणि चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात लुडबुडतो, त्यामुळे दूध गरम करताना कॉल अडकला तर नवल नाही. राऊटर असलेल्या खोलीतला टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका. भिंतीपलीकडे मात्र तो लवकर दमतो.

एक्स्टेंडर (वायफायची रेंज पुढे नेणारं यंत्र) जिथे रेंजच नाही तिथे लावणंही व्यर्थ, त्याला स्वतःलाच काही मिळत नाही. अर्ध्या वाटेवर लावा. दुसरा राऊटर केबलने जोडायचा असेल, तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. नाहीतर दोघंही उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटत बसतात आणि कोणाचा तरी फोन ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ म्हणत राहतो.

एवढं बघूनही, चांगल्या अ‍ॅडाप्टरवर आणि थंड जागी, अपटाइम दहा मिनिटांपुढे जात नसेल, तर राऊटर बदला. त्याआधी कनेक्शनचे कागद काढून बघा. फायबरचा डबा बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीचा असतो, आणि तसा असेल तर बदलून देण्याची मागणी त्यांच्याकडे करा.