जुन्या बेकरीचे चित्र आणि नागपूरचा कूलर
लाकडी भट्टीच्या जुन्या बेकरीचे मुद्रित चित्र नागपुरातील घरात लावायचे असेल, तर ते कूलरसमोरच्या भिंतीवर कधीही लावू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलरची दमट हवा लागून कागद फुगतो, कूलर बंद होताच आक्रसतो आणि अखेरीस त्याला लाटा पडतात. फ्रेम करवून घेताना काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये आम्लविरहित माउंट बोर्ड घालायला आवर्जून सांगावे, कारण साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे कागद कडेने पिवळा पडत जातो. सेलोटेप तर मुळीच नको. पश्चिमेचे ऊनही टाळावे. भट्टीतल्या विस्तवाचा तो सुंदर तांबूस रंग बहुधा सर्वांत आधी उडतो.