पाझरणाऱ्या जखमेवर समुद्रशैवालाची पट्टी कशी बांधावी

निपाणीच्या आमच्या गल्लीत अजूनही जखमेवर तंबाखूची पूड दाबतात. तसं करू नका, कळकळीनं सांगते. मामंजींना बारा वर्षं शुगर. ऊस तुटलेल्या रानात अनवाणी गेले आणि बुडखा टाचेत घुसला. जखम सारखी पाझरायची. डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासला, मेलेलं मांस काढलं आणि कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी लिहून दिली. अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालातून काढतात.

पट्टी बदलायची ती अशी. साबणानं हात धुवा, हातमोजे घाला. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाइननं भिजवून पाच मिनिटं थांबा. आत पिवळट-तपकिरी बुळबुळीत थर दिसेल. पहिल्यांदा तो पू समजून माझे हातपायच गळाले. पण पट्टीतलं कॅल्शियम जाऊन जखमेच्या पाण्यातलं सोडियम तिथं येतं, धागे फुगतात आणि त्यांचं पेजेसारखं जेल होतं, तेच ते. सलाइननं धुऊन काढा, मगच जखम बघा. लालसर, दाणेदार मांस दिसलं की समजा भरून येतेय.

नवी पट्टी पिंजलेल्या कापसासारखी मऊ असते. निर्जंतुक कात्रीनं जखमेच्या मापाची कापा आणि कोरडीच ठेवा. खड्डा खोल असेल तर सैलसर भरा, कोंबू नका. वर गॉज, मग रोलर बँडेज, फार आवळून नाही. पाझर जास्त तर रोज बदला, कमी झाला की दोन-तीन दिवसांनी. जखम कोरडी पडली की ही पट्टी बंद, नाहीतर ती चिकटून बसते. काळ्या, वाळक्या खपलीवर तर मुळीच नको. आणि टाचेवर भार पडता कामा नये. त्याशिवाय कुठलीच पट्टी उपयोगाची नाही.

शेजारच्या वहिनी याच शैवालाच्या गोळ्या घ्यायला निघाल्या होत्या, त्यांना थायरॉइड असताना! मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्पच्या, म्हणजे याच तपकिरी समुद्रशैवालाच्या गोळीत त्याच्या कितीतरी पट असू शकतं, त्यानं थायरॉइड आणखी बिघडतो. शैवालातलं फ्युकॉइडान नावाचं द्रव्य प्रयोगशाळेत रक्त गोठू देत नाही, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी विचारावं.

जखमेभोवती लाली पसरली, घाण वास आला, ताप भरला, तर कोल्हापूर नाहीतर बेळगाव, जवळ पडेल ते त्याच दिवशी गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. शुगरच्या पायाला पुष्कळदा दुखणं कळतच नाही.