व्हॉल्व्हचा रेडिओ: आधी कंडेन्सर, मग अलाइनमेंट

माळ्यावरून उतरवलेला मर्फी किंवा फिलिप्सचा सेट थेट प्लगला लावू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले कंडेन्सर लीक झालेले असतात. त्यांना एकदम २३० व्होल्ट मिळाले की रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मर जातो. मेन्सच्या वायरमध्ये १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

व्हॉल्व्हचं नाव 'यू'ने सुरू होत असेल (यूसीएच ८१, यूएल ८४) तर बहुतेक सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडायचा नाही. इतर सेटमध्येही बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने तो उतरवा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. आवाज फाटतोय, ईएल ८४ (स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह) तापून त्याची प्लेट लाल होतेय, तर पहिला संशय त्याच्या ग्रिडला आलेल्या कपलिंग कंडेन्सरवर घ्या. हा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, मेण लावलेला कागदी कंडेन्सर असतो. सेट चालू ठेवून पिन २ वर डीसी मोजा. शून्य हवं. दोन-तीन व्होल्ट पॉझिटिव्ह आले तर सेट बंद करा, कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज गेलं तर कंडेन्सर खराब, राहिलं तर व्हॉल्व्ह गॅसी, म्हणजे आत गॅस उरलेला. जागी ६३० व्होल्टचा पॉलिस्टर बसवा. मग पिन ३ वर साधारण ७ व्होल्ट मिळायला हवेत.

घरघर येत असेल तर फिल्टर कंडेन्सर बदला: ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. रेक्टिफायर ईझेड ८० किंवा ८१ असेल तर पहिला कंडेन्सर ५० च्या वर नेऊ नका, व्हॉल्व्हला तो झटका सोसत नाही. पावसाळ्यानंतर बँड बदलताना खरखर वाढली तर बँडस्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा.

नाशिकचं आकाशवाणी केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झ एफएमवर आहे. फक्त मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असलेल्या सेटवर ते लागणारच नाही, तेव्हा त्यावरून सेट मुका ठरवू नका. गच्चीवर सात-आठ मीटर वायर ताणा, घरातले एलईडी बंद करा आणि रात्री मुंबईचं ५५८ किंवा पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ शोधा.

एवढं करूनही स्टेशनं डायलवर भलत्या जागी लागत असतील, तरच अलाइनमेंटला, म्हणजे ट्यूनिंगची सर्किटं पुन्हा जुळवायला, हात घाला. आयएफटी (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफचे ट्रान्सफॉर्मर) आपणहून फारसे सरकत नाहीत. बहुधा कुणीतरी पेचकस फिरवलेला असतो.

आयएफ बहुतेक सेटमध्ये ४५५ किलोहर्ट्झ, काही फिलिप्समध्ये ४५२. सर्किट बघूनच ठरवा. गँगचा (स्टेशन लावताना फिरणाऱ्या कंडेन्सरचा) ऑसिलेटरचा भाग शॉर्ट करा. सिग्नल जनरेटरचा ४०० हर्ट्झ मॉड्युलेटेड सिग्नल ०.०१ मायक्रोफॅरडमधून ईसीएच ८१ या मिक्सर व्हॉल्व्हच्या पिन २ ला द्या आणि स्पीकरवर एसी मीटर लावा. सिग्नल जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवा, नाहीतर एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) आड येतं आणि पीक सापडत नाही. डिटेक्टरकडचा आयएफटी आधी, मिक्सरकडचा नंतर. प्लॅस्टिकचा पेचकस वापरा. कोअर (आतला फिरवायचा फेराइटचा स्क्रू) अडकला तर हेअर ड्रायरने मेण सैल करा. जोर लावलात तर फेराइट फुटतो आणि तसा कोअर पुन्हा मिळणं अवघड.

मग गँगचा शॉर्ट काढा आणि सिग्नल एरियलला द्या. ६०० किलोहर्ट्झला ऑसिलेटरचा कोअर, १४०० ला ट्रिमर (जुळवायचा छोटा कंडेन्सर), आणि त्याच ठिकाणी एरियलचे कोअर-ट्रिमर. एक टोक जुळवलं की दुसरं थोडं हलतं, म्हणून डायल दोन्हीकडे बरोबर येईपर्यंत आलटून पालटून करा. शॉर्ट वेव्हवर १५ मेगाहर्ट्झचा सिग्नल डायलच्या १४.०९ वरही क्षीण ऐकू यायला हवा. तो १५.९१ वर आला तर ऑसिलेटर चुकीच्या बाजूला बसलाय, ट्रिमर सैल करून पुन्हा लावा.

फिरवलेल्या प्रत्येक कोअरवर मेणाचा एक थेंब टाका. फेव्हिक्विक नको, पुढच्या दुरुस्तीला तो फिरला पाहिजे.