ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे लाकूड फोडण्याचे यंत्र
यंत्राचा कणा म्हणून जाड आय-बीम (इंग्रजी I आकाराची पोलादी तुळई) घ्यावा आणि त्याच्या एका टोकाला पाचर व दुसऱ्या टोकाला तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर पक्का बसवून तो ट्रॅक्टरच्या थ्री-पॉइंट लिंकेजला (अवजारे जोडायच्या मागच्या तीन-बिंदू जोडणीला) जोडावा. सिलिंडर हिशेब करूनच निवडावा: 100 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर 150 बार दाबाला सुमारे 12 टन जोर देतो, आणि पंप मिनिटाला 20 लिटर तेल देत असेल, तर 600 मिमीचा स्ट्रोक (दट्ट्याची एका दिशेची चाल) पूर्ण व्हायला साधारण 14 सेकंद लागतात. हा वेग संथ वाटतो, पण हात जवळ असताना संथपणाच बरा. वेल्डिंग अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण सारा ताण याच जोडांवर येतो. तेलाचा प्रवाह सोडणारा-थांबवणारा व्हॉल्व्ह असा बसवावा, की हात सोडताच त्याचा दांडा मधल्या, म्हणजे बंद स्थितीत परतेल. तेलगळती बोटांनी चाचपू नये. दाबाखालचा बारीक फवारा त्वचेत घुसतो.