या चुका टाळा: पावलं कागदात मावत नाहीत, तेव्हा चूक डोक्यापाशी झालेली असते

मानवाकृती रेखाटनात चूक जिथे दिसते तिथे ती सहसा झालेली नसते. पावलं मावत नाहीत म्हणून ती छोटी केली जातात, आकृती कललेली वाटते म्हणून खांदा खोडून पुन्हा काढला जातो, मांडी जड दिसते म्हणून तिची कड आत सरकवली जाते. मूळ दोष मात्र दहा मिनिटं आधीचा असतो. तो तसाच राहतो आणि पुढच्या पोझमध्ये पुन्हा उगवतो.

पाय आखूड, डोकं मोठं

डोक्यापासून सुरुवात करून खाली उतरत गेलं की हे बहुतेक होतंच. चेहऱ्यात डोळे, नाक, केस असतात. लक्ष तिथे रेंगाळतं, आणि जिथे लक्ष रेंगाळतं तो भाग हातून मोठा उतरतो. उभ्या माणसाची उंची साधारण ७ ते ७.५ डोकी भरते. म्हणजे डोकं अर्धा सेंटिमीटर मोठं झालं आणि बाकीचं त्याच मापाने काढलं, तर खाली साडेतीन सेंटिमीटर जागा कमी पडते. पावलं नेमकी त्याच जागेत बसायची होती.

म्हणून चेहऱ्याला हात लावण्याआधी कागदाच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून २-३ सेंटिमीटर सोडून एकेक खूण करावी आणि दोन्हींच्या मधोमध तिसरी. उभ्या माणसाचा मध्य कमरेत नसतो, तो पाय धडाला मिळतात तिथे, जघनास्थीच्या आसपास असतो. नवशिक्याच्या चित्रात तो हमखास बेंबीकडे सरकलेला सापडतो. बसलेल्या किंवा वाकलेल्या पोझमध्ये मध्याचा असा ठराव नाही, तिथे मोजणं आलंच. हात पसरलेले असतील तर डावी-उजवी टोकंही याच वेळी नक्की करावीत, नाहीतर पावलांऐवजी बोटं कापली जातील.

मोजायचं ते पेन्सिल समोर धरून, डोक्याची उंची तिच्यावर अंगठ्याने पकडून. तेव्हा हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला आणि पेन्सिल नजरेच्या रेषेला काटकोनात. कोपर जरासं वाकलं की एकच डोकं दोन वेळा दोन मापांचं भरतं. पेन्सिल मॉडेलच्या, म्हणजे समोर पोझ देणाऱ्या माणसाच्या दिशेने झुकली तरी माप बिघडतं, आणि आपल्याकडे येणारा हात-पाय मोजताना ती नकळत झुकतेच. पेन्सिलीवरचं माप कागदावर जसंच्या तसं उतरवायचं नसतं. डोकं किती वेळा मावलं, रुंदी उंचीच्या किती पट आहे, एवढंच प्रमाण घ्यायचं.

सगळं मोजूनही डोकं मोठंच येत असेल तर बोर्ड तपासा. कागद टेबलावर आडवा असला की त्याची वरची कड डोळ्यापासून लांब जाते आणि तिरकस दिसते. तिथलं चित्र चपटं भासतं म्हणून हात ते ताणून काढतो. कागद उभा धरला की लांबट, मोठं डोकं समोर येतं. ईझल (बोर्ड उभा ठेवायची घोडी) नसेल तर बोर्डाची खालची कड मांडीवर आणि वरची खुर्चीच्या पाठीवर टेकवावी, म्हणजे कागद नजरेला जवळपास काटकोनात येतो. बोर्ड असा ठेवावा की मॉडेल आणि कागद यांच्यात मान न वळवता फक्त नजर फिरेल.

अंतराचाही हिशेब आहे. उभी आकृती एका नजरेत मावायला मॉडेलच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब बसावं, म्हणजे ११-१२ फूट. अडीचपट असेल तर उत्तम. पाच फुटांवर बसलं तर पावलं वरून आणि चेहरा समोरून दिसतो. ते दोन्ही प्रामाणिकपणे काढले तरी आकृती दोन माणसांची वाटते. जागा नसेल तर तेवढ्या जवळून पूर्ण आकृतीचा हट्ट सोडून धड किंवा डोकं-खांदे काढणं शहाणपणाचं.

काही मापं डोक्यात असलेली बरी. तळहात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत हनुवटी ते केसांच्या कडेइतका. पाऊल कोपर ते मनगट एवढं, म्हणजे बहुतेक जण काढतात त्यापेक्षा बरंच मोठं. हात सैल सोडला तर मनगट जांघेच्या पातळीला आणि बोटं मांडीच्या मध्यापर्यंत. पण ही मापं फक्त शंका घेण्यासाठी. समोरच्या माणसाचं डोकं ६.५ वेळा मावत असेल तर ६.५ खरं.

आकृती पडेल असं वाटतं

इथे गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. पेन्सिल दोन बोटांत सैल लोंबती धरावी, किंवा दोऱ्याला एखादं वजन बांधून तो समोर धरावा. मॉडेलचा भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली उभी रेषा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ उतरते. भार दोन्ही पायांवर असेल तर ती दोन पावलांच्या मधे पडते. ही रेषा पहिल्या मिनिटातच पुसट आखून पाऊल तिथे ठेवलं, तर खांदा खोडायची वेळ येत नाही.

दुसरी खूण तिरप्यांची. भार ज्या पायावर, त्या बाजूचं नितंबाचं हाड वर चढतं आणि तोल सांभाळायला बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन्ही रेषा समांतर आडव्या काढल्या की माणूस दारात उभ्या केलेल्या फळीसारखा दिसतो. तिरपं शोधायला कपड्याच्या किंवा स्नायूंच्या कडा बघू नयेत, त्या फसवतात. हाड जिथे कातडीखाली जवळ येतं त्या जागा बघाव्यात: गळ्याची खळगी, खांद्यांची टोकं, कमरेपुढची दोन टोकं, पाठीमागून माकडहाडाच्या वरच्या दोन खळग्या, गुडघ्याच्या वाट्या. घोट्यांचं तिरपं तर कायमचं ठरलेलं आहे: आतला घोटा वर, बाहेरचा खाली. हे उलटं झालं की पाऊल मोडल्यासारखं दिसतं, आणि कारण लवकर सापडत नाही.

प्रत्येक वेळी आकृती एकाच बाजूला कलत असेल, तर मॉडेलला बोल लावण्याआधी आपली बसायची जागा बघा. बोर्ड नजरेला तिरका असेल तर उभ्या रेषा कलतात.

मापं बरोबर, तरी पुतळा

पोझचा ताण आणि वळण मोजक्या रेषांत पकडणारं झटपट रेखाटन म्हणजे जेश्चर. जेश्चर म्हणजे घाईने काढलेली बाह्यरेषा, हा गैरसमज सर्वांत चिवट. ३० सेकंदांत खांद्यावरून निघून कड पकडत कोपरापर्यंत पोचलेलं रेखाटन जेश्चर नव्हे. ते अर्धवट राहिलेलं, सावकाशीचं चित्र आहे. ३० सेकंदांत पाच-सात रेषा होतात. पहिली रेषा गळ्याच्या खळगीतून धडाच्या वळणाने भार पेलणाऱ्या पायाच्या टाचेपर्यंत. मग खांद्यांचं तिरपं, नितंबांचं तिरपं, दुसरा पाय, दोन हात, डोक्याचा कल. बस. कड नाही, चेहरा नाही, बोटं तर नाहीतच. पोझ लागल्यावर पहिले पाच सेकंद नुसतं बघावं. ताण कुठे आहे आणि कुठलं अंग दाबलं गेलंय एवढं सांगता आलं की मग हात हलवावा. दाबलेल्या बाजूला छोट्या, मोडलेल्या रेषा येतात आणि ताणलेल्या बाजूला एकच लांब.

हात-पाय फुगे बांधल्यासारखे दिसतात त्याचं कारण वेगळं. अवयवाच्या दोन कडांचे फुगवटे समोरासमोर काढले जातात, आणि शरीरात ते तसे जवळजवळ कुठेच नसतात. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला खाली. एका कडेचा उंचवटा दुसऱ्या कडेच्या उतारासमोर ठेवला की पाय आपोआप चालता होतो.

केसाळ रेषा

पेन्सिल टोकाशी, लिहिताना धरतो तशी धरली की मनगटाच्या आवाक्याएवढीच, ३-४ सेंटिमीटरची रेषा निघते. मांडीची लांब रेषा मग दहा तुकडे जोडून होते. पेन्सिल टोकापासून ८-१० सेंटिमीटर मागे, तळहाताखाली आडवी धरावी आणि खांद्यातून हात फिरवावा. कागदाला न टेकता तीच रेषा दोनदा हवेत फिरवून तिसऱ्यांदा टेकवली की ती एका दमात येते. चुकली तर खोडू नये, शेजारी दुसरी काढावी. पहिली किती चुकली ते तिच्यामुळेच कळतं. कमी वेळाच्या पोझपुरतं खोडरबर पिशवीतच राहू द्यावं.

छोटी वही हेही एक कारण. A४ पेक्षा लहान कागदावर खांद्यातून हात फिरवायला जागाच नसते. कमी वेळाच्या पोझसाठी मोठा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा कागद) आणि सहज पुसला जाणारा मऊ काडी-कोळसा घ्यावा. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद) आणि २बी ते ६बी अशा मऊ पेन्सिली लांब पोझसाठी.

आपल्याकडे येणारा हात

मांडी समोरून आपल्याकडे आली असेल तर ती कागदावर रुंदीपेक्षा आखूड असू शकते. डोकं ते मान्य करत नाही, त्याला मांडी लांब असते हे माहीत असतं. म्हणून इथे मांडी काढूच नये. तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागा काढाव्यात: हात आणि धडामधला त्रिकोण, गुडघा आणि खुर्चीमधली फट. त्या फटींबद्दल डोक्याला आधीपासून काहीच माहीत नसतं. मग कुठला भाग कुणाला झाकतो ते बघावं. गुडघ्याची रेषा मांडीच्या रेषेवर चढून तिला थांबवते. हे चढणं चुकलं की आकार बरोबर असूनही पाय चपटाच राहतो.

मळकट छाया

डोळे किलकिले करून बघितलं की मधल्या छटा मिटतात आणि प्रकाश व सावली असे दोनच भाग उरतात. आधी त्या दोन भागांची सीमा आखून सावली एकाच सपाट छटेने भरावी. सावलीत दिसणारा परावर्तित उजेड फार उजळ काढला की अंग पत्र्याचं वाटतं. तो प्रकाशातल्या सर्वांत गडद छटेपेक्षाही काळा ठेवावा. कोळसा बोटाने घासू नये, बोटाच्या तेलाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मऊ कापड वापरावं. दोन-तीन दिवे एकदम लावलेल्या खोलीत सावल्या एकमेकींना छेदतात, तेव्हा एक सोडून बाकीचे बंद करायला सांगण्यात संकोच नको.

वीस मिनिटांत पोझ बदलते

माणूस स्थिर राहत नाही. खांदे खचतात, डोकं खाली येतं, भार पावलाच्या दुसऱ्या बाजूला जातो. हलणाऱ्या मॉडेलच्या मागे रेषा नेत राहिलं की चित्रात तीन वेगळ्या क्षणांचे तीन अवयव जमतात. पहिल्या तीन मिनिटांत खांदे, नितंब आणि डोक्याचा कल नक्की करून तेच शेवटपर्यंत धरावेत. २०-२५ मिनिटांनी मॉडेलला ५ मिनिटं विश्रांती हवीच. ती देण्याआधी पावलं, टेकलेला तळवा आणि बैठक यांच्याभोवती चिकटपट्टीच्या खुणा करून घ्याव्यात. त्याशिवाय पोझ तीच लागत नाही.

सरावाची मांडणी

दोन तासांत १ मिनिटाच्या १०, २ मिनिटांच्या ५, ५ मिनिटांच्या ४ आणि उरलेल्या वेळात २० मिनिटांच्या २ पोझ, मधे विश्रांती, अशी विभागणी बरी. नुसत्या एक मिनिटाच्या पोझ काढत राहणाऱ्याचा हात वेगवान होतो, पण पाऊल, मनगट, मानेची जोडणी कायम गुळमुळीत राहते. नुसत्या लांब पोझ काढणाऱ्याचं उलटं.

मॉडेल नसेल त्या दिवशी १५ मिनिटं फोटोवरून चालतं, पण घड्याळ लावून. जवळून काढलेल्या फोनच्या फोटोत कॅमेऱ्याकडचा हात अवाजवी मोठा येतो, म्हणून लांबून घेतलेले फोटो निवडावेत. फोटोतल्या सावल्या बऱ्याचदा ठार काळ्या असतात. तिथून छायेचे धडे घेऊ नयेत.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि पोझची मिनिटं लिहावीत. दहा बैठकींनंतर फक्त ५ मिनिटांची रेखाटनं जमिनीवर शेजारी शेजारी मांडावीत आणि लांबून बघावीत. पाय आखूड, डावीकडे कल, हात लहान, यांतलं जे सर्वांत जास्त कागदांवर दिसेल ते एकच पुढच्या बैठकीत पहिल्या मिनिटाला तपासायचं.