एचपीव्ही तपासणी सुरू करताय? या चुका टाळा

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. त्याच्या तपासणीसाठी योनीतून नमुना घेणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मी पाहिलंय, आशाताईंनी नीट समजावलं की बाई पडद्याआड जाऊन स्वतःच स्वॅब घेते आणि दोन मिनिटांत बाहेर येते. घोळ होतो तो त्यानंतर.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उपचाराची सोय लावण्याआधी शिबिर भरवणं. आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते नुसत्या चाचणीने घडलं नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची कॉल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड भिंगाच्या यंत्रातून तपासणं) झाली, गरज होती तिथे उपचार झाले. म्हणून बॅनर छापण्याआधी ठरवा: पॉझिटिव्ह बाई कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी जाईल, सोबत कोण असेल? धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे, हे धरून वेळ ठेवा. थर्मल अ‍ॅब्लेशनचं यंत्र हातात मावतं. योग्य बाई निवडली तर पूर्वकर्करोगाचा (कॅन्सर होण्याआधी बदललेला) भाग तिथल्या तिथे जाळता येतो.

दुसरी चूक रिपोर्ट सांगण्यातली, आणि ती माझ्या फार जिवाला लागते. ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की बाईला ऐकू येतं ‘कॅन्सर’, आणि नवऱ्याला भलतंच काही. एचपीव्हीचा संसर्ग लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकदा एकदोन वर्षांत आपोआप जातो. तो कधी झाला, कुणाकडून आला, हे चाचणी सांगू शकत नाही. हे नमुना घेण्याआधीच सांगा. नवऱ्याच्या फोनवर मेसेज नको, शेजारणीसमोर नाव पुकारणं तर मुळीच नको. तिला बाजूला बसवून बोला.

कोणाची तपासणी करायची, यातही गफलत होते. पंचविशीतल्या मुलींना उत्साहाने रांगेत उभं करू नका. सर्वसाधारणपणे तिशीपासून सुरुवात करा. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची मात्र पंचविशीपासून. ‘माझी पिशवी काढलीय’ म्हटल्यावर लगेच परत पाठवू नका. काहींची पिशवी काढताना गर्भाशयाचं तोंड तसंच ठेवलेलं असतं, त्यामुळे ऑपरेशनचा कागद बघा. संबंधानंतर रक्त जाणाऱ्या किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होणाऱ्या बाईला स्वॅब देऊन घरी पाठवणं तर धोक्याचं. तिला थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी.

पॉझिटिव्ह बायकांची पुढची निवड व्हीआयएने (गर्भाशयाच्या तोंडाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी बघण्याची तपासणी) करत असाल, तर पन्नाशीनंतर जपून. बदल होणारा भाग गर्भाशयाच्या तोंडाच्या आत सरकतो, डोळ्यांना दिसत नाही. अशांना कॉल्पोस्कोपीला पाठवा. आणि एचपीव्हीची लस घेतली म्हणून तपासणी चुकत नाही.

नळीवर लेबल जागेवरच लावा, एका गल्लीत दोन सुनीता असतातच. चाचणीच्या यंत्राची बॅच (एका वेळी लावायचे नमुने) भरायची वाट बघत नमुने आठवडेच्या आठवडे पडून राहतात, तोवर बाई वारीला किंवा गावी गेलेली असते. म्हणून नाव लिहून घेतानाच विचारा, ‘पुढच्या महिन्यात कुठे असाल, ताई?’ आणि तिचा स्वतःचा नंबर नसेल, तर तिला चालेल अशा माणसाचा घ्या.